थर्झा गॉलपची क्रियापदं

ब्रिडपोर्टात, डॉर्सेटच्या किनाऱ्याजवळ,
जिथे गल्ल्या अजून लांब आणि सरळ आहेत
कारण एके काळी त्यांच्यात दोर वळले जायचे,
थर्झा गॉलप नव्वदीला टेकली होती
तेव्हा मार्चमधल्या एका सकाळी
किटली हातात असताना
तोंडातून किटली हा शब्द निसटला.
मग कप. मग मुलाचं नाव.

एबेले दर बुधवारी येते, चित्रांची कार्डं घेऊन.
कात्री. कुत्रा. छत्री.
परक्या घराच्या बंद दाराकडे बघावं
तशी थर्झा कार्डाकडे बघते.
"ते," म्हणते. "ते, ते."
आणि चिडून गप्प बसते.

दाराच्या चौकटीत एक लोखंडी आकडा आहे,
रंगाच्या सहा-सात थरांखाली.
एबेलेनं त्याला कोट अडकवला
तशी म्हातारी ओरडली, नुसता आवाज.
कोट उतरवला.
खालच्या खणात हात घालून घालून
शेवटी सापडली लाकडी सुई, जिभेएवढी,
बोटांनी झिजवून गुळगुळीत केलेली,
आणि सुतळीचा गुंडा, डांबराचा वास धरून बसलेला.

हातांनी कुणाला काही विचारलं नाही.
सुतळी आकड्यात. फासा, गाठ, ओढ. पुढचा फासा.
आणि मोठ्या बहिणीचा हात धरून
तुरुतुरु चालणाऱ्या पोरीसारखं
हातांमागून तोंड आलं:
"ब्रेड."

एबेलेचा हात आपसूक डोक्याकडे गेला.
लंडनला, पेकममधे, दर रविवारी
आई गुडघ्यांत डोकं दाबून धरायची
त्या बारीक बारीक वेण्या,
ब्रेड म्हणजे तिला तेवढंच ठाऊक.
"हो, ब्रेड," म्हणत तिनं एक वेणी पुढे केली.
म्हातारीची मान जोरात हलली. नाही.
जाळ्याकडे बोट: ब्रेड.
मग वेणी चिमटीत धरली, पेड मोजले,
एक, दोन, तीन,
आणि चूक सुधारावी तसं म्हणाली, "प्लॅट."

त्या दुपारी आणखी आले.
ट्विस्ट, एकट्या धाग्याला द्यायचा पीळ
(घोटा मुरगळला तरी हाच शब्द, खऱ्याचं खोटं केलं तरी हाच;
थर्झाला त्याच्याशी देणंघेणं नव्हतं).
ट्वाइन, दोघांनी एकमेकांभोवती.
मग "ले" म्हणाली आणि काठी सोडून
खोलीत दोन पावलं मागे मागे गेली.

ते मला नंतर तिच्या मुलानं उलगडून सांगितलं.
पेड एका बाजूला पिळायचे, दोर दुसऱ्या बाजूला वळायचा,
म्हणजे एकाची सुटायची ओढ
दुसऱ्याला घट्ट करते.
आजोबा हे काम उलटं चालत करायचे, दिवसभर,
चर्चलाही पाठमोरे जातील एखाद दिवशी, असं आजी म्हणायची.

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही,
माझ्या भाषेत हे टोमण्यानं म्हणतात.
त्या दिवशी ते नुसतं खरं होतं.

एबेले निघताना, अगदी दारात, शेवटचं: "स्प्लाइस."
दोन तुटकी टोकं, पण गाठ मारायची नाही.
आधी दोन्हीकडचा पीळ हातभर उसवायचा,
जोडायचं त्यालाच आधी मोकळं करायचं,
मग ह्याचे पेड त्याच्या पोटात, एक वरून, एक खालून.
घरात तेवढा जाड दोर नव्हता.
थर्झानं स्वतःची बोटं फाकवली,
एबेलेची फाकवायला लावली,
एकाआड एक घातली
आणि दोनदा ओढून पाहिली, बोटीचा दोर पाहतात तशी.
धरलं.

स्वयंपाकघरातून रूबेन चहा घेऊन आला.
त्याला ती अजून "ते" म्हणते.
तो ओ देतो.